सोलापूरचा डॉक्टर आणि जपानचा नकाशा

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलंय. शाळेत कुणी तरी सांगितलेलं असतं, नाहीतर घरातल्या मोठ्यांच्या तोंडून व्ही. शांतारामांच्या सिनेमाचं नाव कानावर पडलेलं असतं. सोलापूरचे डॉक्टर होते, चीनमध्ये गेले, जखमी सैनिकांची सेवा केली, तिथेच वारले. झालं. एवढ्यात माणूस संपवून आपण मोकळे होतो. पण ते सैनिक कुणाशी लढत होते? कशासाठी? आणि परळच्या केईएममध्ये शिकलेल्या, पुढची सर्जरीची परीक्षा द्यायच्या तयारीत असलेल्या सत्तावीस वर्षांच्या पोराला त्या भांडणात पडायचं काय कारण होतं? हे विचारलं की सगळे गप्प. आणि हे कळलं नाही तर कोटणीस म्हणजे एक दयाळू डॉक्टर, यापलीकडे हाताला काही लागत नाही.

म्हणून या लेखात डॉक्टरांबरोबर थोडा नकाशाही बघू. घाबरू नका, इतिहासाचा पेपर नाहीये.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. तारीख लक्षात ठेवा, कारण तिच्या आसपास आशियाचा नकाशा चांगलाच हलला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे कोटणीसांच्या जन्माच्या जेमतेम दीड महिना आधी, जपानने अख्खा कोरिया देश आपल्यात जमा करून टाकला. आणि बरोबर वर्षभराने, द्वारकानाथचा पहिला वाढदिवस होता त्या दिवशी, १० ऑक्टोबर १९११ ला, चीनमधल्या वुचांगला बंड झालं आणि चार महिन्यांत तिथली शेकडो वर्षांची बादशाही कोसळली. सोलापुरातल्या त्या साध्या मध्यमवर्गीय घरात अर्थातच यातलं काही कुणाच्या गावी नसणार.

पण सोलापूर हे गाव असं होतं की राज्य कुणाचं आणि हद्द कुठपर्यंत, हे तिथल्या पोरांना भूगोलाच्या पुस्तकाआधीच कळायचं. सोलापूर शहर थेट इंग्रजांचं. चाळीसेक किलोमीटरवर अक्कलकोट, तिथे राजा, पण राजाच्या डोक्यावर इंग्रज. दुसऱ्या अंगाला तुळजापूर, देवीला जायचं म्हणजे निजामाच्या हद्दीत शिरायचं. एकाच दिवसात बैलगाडीने नाहीतर मोटारीने तीन राज्यं बघता यायची, आणि तिन्हींच्या वर बसलेला मालक एकच! अक्कलकोटची ही गोष्ट ध्यानात असू द्या, पुढे मांचुरियात गेल्यावर कामाला येईल.

त्यात सोलापूर गिरण्यांचं गाव. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर तिथे जे झालं ते महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे झालं नाही. गोळीबार झाला, लोक खवळले, आणि काही दिवस शहरात इंग्रज सरकार नावाची गोष्टच उरली नाही. मग लष्कर आलं, मार्शल लॉ लागला. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं गेलं. कोटणीस तेव्हा विशीत होते. ज्याच्या स्वतःच्या गावात असं घडलेलं असतं, त्याला साम्राज्य हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

पुढे मुंबई. सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज, म्हणजे आपलं जीएस. १९३६ ला डॉक्टर झाले. पुढे सर्जन व्हायचं, एवढाच सरळ बेत होता. आपल्याकडे कॅम्पस होऊन ऑफर लेटर हातात आलेल्या पोराचा असतो तसा.

आता जपानकडे वळू.

एकोणिसाव्या शतकात युरोपच्या तोफा पूर्वेकडे पोचल्या तेव्हा चीन आणि जपान दोघेही भांबावले. चीनच्या बादशहाची राज्याची कल्पना जुन्या धाटणीची होती. मध्ये आपण, भोवती मांडलिक, त्यांच्यापलीकडे रानटी. नेमकी रेघ ओढून इथपर्यंत आमचं, तिथून तुमचं, असा प्रकार फारसा नव्हता. मुजरा आला, नजराणा आला, की तो आपला. युरोपीय लोक मात्र कागदावर रेघ ओढून सही मागायचे. जपानने हा खेळ पटकन शिकून घेतला आणि शेजाऱ्यांवरच खेळला. १८७९ मध्ये र्युक्यु बेटं घेतली. १८९५ मध्ये चीनला हरवून तैवान घेतलं. १९०५ मध्ये रशियाला हरवलं. आपल्याकडे तेव्हा कोण आनंद झाला होता! आशियातल्या एका देशाने गोऱ्यांना लोळवलं म्हणून. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस, त्यामुळे तो आनंद अगदी खरा होता. पण त्या विजयाची किंमत कोरियाने पाच वर्षांत मोजली.

रशियाकडून जपानला जे मिळालं त्यात एक वस्तू अशी होती की आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी ती नीट बघायलाच हवी. ती म्हणजे दक्षिण मांचुरिया रेल्वे. मांचुरिया चीनचा, पण रेल्वे जपानची. आणि नुसते रूळ नव्हे. रुळांच्या दोन्ही बाजूंची पट्टी आणि स्टेशनांभोवतालच्या वस्त्या यांचा कारभारही जपानचा. तिथे पोलीस जपानी, कर जपानी, संरक्षणाला फौज जपानी. म्हणजे प्रदेश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रंग भरलेला एक तुकडा येतो. इथे प्रदेश म्हणजे एक लांबच लांब रेघ होती. या रेल्वे कंपनीच्या खाणी होत्या, कारखाने होते, हॉटेलं होती, संशोधन विभागसुद्धा होता. कंपनी की सरकार, सांगता येऊ नये अशी गत. आपल्याला ईस्ट इंडिया कंपनी माहीत असल्यामुळे यात नवल वाटायचं कारण नाही म्हणा.

(आपलं पावणेच बघा ना. गावठाण जुनं, भोवतालची जमीन एमआयडीसीची, आणि शहर म्हणून महापालिका नवी मुंबईची. एकाच ठिकाणी उभं राहून आपण नक्की कुणाच्या हद्दीत आहोत याची तीन उत्तरं देता येतात. फरक एवढाच की इथे तिन्ही उत्तरं आपल्याच देशातली आहेत!)

१८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री मुकदेन शहराजवळ या रुळांवर एक स्फोट झाला. तो जपानच्याच लष्करी अधिकाऱ्यांनी घडवून आणला होता. स्फोट इतका किरकोळ की थोड्याच वेळात एक गाडी त्याच रुळांवरून धडधडत निघून गेली. पण निमित्त मिळालं. चीनने आमच्या रेल्वेवर हल्ला केला म्हणत जपानी फौजेने काही महिन्यांत अख्खा मांचुरिया घेतला. रेघेचा रंग सगळ्या कागदावर पसरला.

यातली पुढची खेळी मला सगळ्यांत जास्त विचार करण्यासारखी वाटते. १९१० मध्ये कोरिया घेताना जपानने सरळ सामिलीकरण केलं होतं. १९३२ मध्ये मात्र तसं केलं नाही. का? तर मधल्या काळात पहिलं महायुद्ध होऊन गेलं होतं, राष्ट्रसंघ निघाला होता, प्रत्येक राष्ट्राला स्वतःचं राज्य असावं अशी भाषा सुरू झाली होती. उघड उघड दुसऱ्याची जमीन गिळणं आता असभ्य ठरत होतं. म्हणून जपानने मांचुकुओ नावाचा एक स्वतंत्र देशच काढला. त्याला झेंडा दिला, मंत्री दिले, आणि चीनचा पदच्युत बादशहा पु यी याला आणून गादीवर बसवला. प्रत्येक मंत्र्यामागे एक जपानी अधिकारी. आलं ना अक्कलकोट आठवून? राष्ट्रसंघाने लिटन कमिशन पाठवलं, कमिशनला हे सोंग पटलं नाही, तेव्हा १९३३ मध्ये जपान राष्ट्रसंघातूनच बाहेर पडला. पुढे १९३८ मध्ये पूर्व आशियाची नवी व्यवस्था अशी घोषणा आली आणि १९४० मध्ये बृहत् पूर्व आशियाई सहसमृद्धी क्षेत्र. नाव दर वेळी अधिक गोड. खाली माणसं मरतच होती.

७ जुलै १९३७ ला बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर जपानी सराव चालू असताना एक शिपाई हरवला. तो नंतर परतही आला. पण तोवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, आणि महिन्याभरात पूर्ण युद्ध पेटलं. डिसेंबरमध्ये नानजिंग पडलं आणि तिथे जी कत्तल झाली ती जगाने वाचली.

चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती जु दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी जून अखेरीस देशाला आवाहन केलं, जुलैत चीन दिन पाळले गेले, बावीस हजार रुपये जमले. गुलाम देशाने दुसऱ्या संकटातल्या देशासाठी वर्गणी काढायची, ही गोष्टच मुळी विचित्र आणि मोठी होती. त्यातून रुग्णवाहिका आणि पाच डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरलं. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल, जे स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि पाचवे सोलापूरचे कोटणीस. म्हणजे पाचात दोघे आपल्याकडचे. चोळकरांचं नाव मात्र आता नागपुरातसुद्धा किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे.

१ सप्टेंबर १९३८ ला राजपुताना ही बोट मुंबईहून सुटली. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. मुंबई ते चीन हा जलमार्ग काही नवा नव्हता. शंभर वर्षं आधी याच बंदरातून माळव्याची अफू भरभरून चीनला जात होती. त्या पैशावर मुंबईतल्या किती तरी पेढ्या उभ्या राहिल्या. अफूवरून इंग्रजांनी चीनशी दोन युद्धं केली तेव्हा त्या फौजांत हिंदी शिपाई होते. १९०० मध्ये बॉक्सर बंड मोडायलाही हिंदी पलटणी गेल्या. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत रस्त्यावर दंडुका घेऊन उभ्या राहणाऱ्या पोलिसांत पंजाबी शीख पुष्कळ असायचे. चिनी माणसाने आजवर पाहिलेला हिंदी माणूस हा असा होता, साहेबाच्या हातातलं हत्यार. ते पाच डॉक्टर कँटनच्या धक्क्यावर उतरले तेव्हा बहुधा पहिल्यांदाच हिंदुस्थानातून संघटितपणे कुणी तरी साहेबाच्या हुकमाशिवाय आणि चिनी माणसाच्या बाजूने आलं होतं. तिथे त्यांच्या स्वागताला सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग हजर होत्या.

मात्र पाय ठेवावा तिथली जमीन सरकत होती. सप्टेंबरात ते कँटनला उतरले, ऑक्टोबरच्या २१ तारखेला कँटन जपान्यांनी घेतलं. तिथून हांकावला गेले, त्याच महिन्याच्या अखेरीस तेही पडलं. यांगत्से नदीच्या वरच्या अंगाला यिचांग, मग चुंगकिंग. मागे हटणाऱ्या सरकारबरोबर दवाखानाही मागे मागे.

चुंगकिंगमध्ये शांतिनिकेतनशी संबंध असलेले विद्वान तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावं दिली. प्रत्येक नावाच्या शेवटी हुआ, म्हणजे चीन. कोटणीसांचं नाव झालं के दिहुआ. चीनमध्ये ते आजही याच नावाने ओळखले जातात, कोटणीस म्हणून विचाराल तर कदाचित कुणाला कळणारही नाही.

चुंगकिंगलाच घरची बातमी आली. वडील गेले. सोबतच्यांनी परत जायला सुचवलं. आई, भाऊ, बहिणी मागे होत्या, घरातला डॉक्टर झालेला मुलगा हा, त्यामुळे परत गेले असते तर जगात कुणी नाव ठेवलं नसतं. ते गेले नाहीत. या निर्णयाबद्दल आपण फार पटकन भारावून जातो असं मला वाटतं. सोलापुरातल्या त्या घराने याची काय किंमत दिली असेल याचा हिशोब कुठल्याच गौरवग्रंथात नसतो.

१२ फेब्रुवारी १९३९ ला पथक येनानला पोचलं. पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहा, त्यातच राहायचं, त्यातच दवाखाना, त्यातच शाळा. माओ आणि जु दे यांचं ठाणं इथेच. त्याच वर्षी मुखर्जी आणि चोळकर परतले. उरलेले तिघे वर्षअखेरीस आघाडीकडे निघाले. प्रकृतीमुळे अटलनाही १९४० मध्ये परतावं लागलं. कोटणीस आणि बसू जपानी फळीच्या मागे असलेल्या मुलखात शिरले. त्याचं नाव जिन-चा-जी. शान्सी, चाहार आणि होपेई या तीन प्रांतांची एकाक्षरी छोटी नावं जोडून केलेलं.

आता हा मुलूख म्हणजे काय प्रकार होता ते बघा. जगाच्या नकाशावर उत्तर चीन जपानने जिंकलेला होता. प्रत्यक्षात जपानच्या हातात होती शहरं आणि त्यांना जोडणारी रेल्वे. ठिपके आणि रेघा, बस्स. रेघांच्या मधली हजारो गावं, डोंगर, शेतं यांत जपानी फौज शिरायची, जाळपोळ करून परत रुळांकडे यायची. मधल्या जागेत चिनी कम्युनिस्टांचं सरकार चालायचं. ते कर घ्यायचं, शाळा चालवायचं, नोटा छापायचं, निवडणुका घ्यायचं. एका शास्त्रानुसार ती जमीन जपानची, दुसऱ्यानुसार चुंगकिंगमधल्या चियांग काय-शेकच्या सरकारची, आणि रात्री दार वाजल्यावर ज्याला उघडलं जायचं त्या आठव्या मार्ग सेनेची. राज्य म्हणजे रंगवलेला नकाशा, की माणसं ज्याला भाकरी देतात तो? हा प्रश्न तिथे रोजचा होता.

या लढाईत रेल्वे उखडणं हे मुख्य काम. २० ऑगस्ट १९४० ला आठव्या मार्ग सेनेने एकदम शंभराहून अधिक रेजिमेंट उतरवून रुळांवर, पुलांवर, खाणींवर हल्ला चढवला. शिच्याच्वांग ते तायुआन ही डोंगरातली रेल्वे हे पहिलं लक्ष्य. शत्रूच्या ताब्यातला प्रदेश जर रुळांचा बनलेला असेल तर रूळ उपटले की प्रदेश गेला. याला उत्तर म्हणून जपान्यांनी पुढच्या दोन वर्षांत रुळांच्या कडेने बुरूज बांधले, मैलोन् मैल चर खणले, गावंच्या गावं जाळून माणसं हटवली. मारा, जाळा, लुटा, असं त्या धोरणाचं नाव चिन्यांनी ठेवलं ते उगीच नाही.

या मोहिमेत कोटणीस आघाडीजवळ शस्त्रक्रिया करणाऱ्या तुकडीत होते. तेरा दिवसांत आठशे जखमी आले आणि त्यातल्या ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या, असा आकडा त्यांच्या चरित्रांत येतो. भागाकार करून बघा, दिवसाला त्रेचाळीस होतात. वीज नाही. भूल द्यायची औषधं पुरत नाहीत. गोळ्यांच्या आवाजात, देवळात नाहीतर कुणाच्या तरी घरात दरवाजा काढून त्याचं टेबल करायचं.

इथे नॉर्मन बेथ्यून यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कॅनडाचे हे सर्जन कोटणीसांच्या आधी याच मुलखात काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जंतुसंसर्ग झाला आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ते गेले. कोटणीस आणि बेथ्यून यांची भेट झालीच नाही. बेथ्यून यांनी एक वस्तू बनवली होती ती आपल्या वर्कशॉपच्या कामाची. खेचराच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी लटकणारी लाकडी पेटी. ती पुलासारखी दिसे, म्हणून तिला मार्को पोलो पुलाचंच नाव दिलं होतं. आत कप्प्यांमध्ये औषधं, हत्यारं, मलमपट्टी. दोन पेट्या उतरवल्या, वर फळी टाकली की ऑपरेशनचं टेबल तयार. उचलून चालू पडायला काही मिनिटं पुरत. जिथे दवाखान्याची जागाच दर आठवड्याला बदलते तिथे इमारत बांधून उपयोग नाही, दवाखाना खेचरावर बसला पाहिजे. इतकं चोख डिझाइन आपल्या प्रोजेक्टमध्ये कुणी दाखवलं तर बाहेरचे परीक्षकही गप्प बसतील.

बेथ्यूनच्या नावाने जे आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालय काढण्यात आलं, जानेवारी १९४१ मध्ये त्याचे पहिले संचालक झाले कोटणीस. होपेईतल्या तांग परगण्यात गेगोंग नावाच्या गावात. शेजारीच वैद्यकीय शाळा. रुग्णालय म्हणजे एखादी इमारत नव्हे. रुग्ण गावातल्या घराघरांत वाटून ठेवलेले, डॉक्टर फिरून तपासायचे. जपानी येताहेत असं कळलं की रुग्णांना उचलून डोंगरात न्यायचं. कोटणीस चिनी बोलायला शिकले होतेच, वाचायला शिकले, आणि मग वर्गात चिनी भाषेतून सर्जरी शिकवायला लागले. तिसऱ्या सेमिस्टरला इंग्रजी पुस्तक हातात घेऊन कण्हणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जरा कल्पनेत आणावं! विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सर्जरीची मूलतत्त्वं सांगणारं एक पुस्तक लिहून पुरं केलं आणि दुसरं, अधिक खोलात जाणारं, लिहायला घेतलं.

तिथेच परिचारिकांना शिकवणाऱ्या ग्वो चिंग-लान यांच्याशी त्यांचं जुळलं. नोव्हेंबर १९४१ मध्ये लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. तिथले सेनापती न्ये रुंग-चेन यांनी त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन.

त्याच वर्षी जुलैत कोटणीसांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचं सभासदत्व घेतलं. आपल्याकडच्या बऱ्याच गोष्टींत हा भाग गुपचूप गाळलेला असतो. गाळणाऱ्यांना ते अडचणीचं वाटतं. मला उलट वाटतं, की हे गाळलं तर माणूसच खोटा होतो. ते तिथे नुसते मलमपट्टी करायला थांबलेले नव्हते. कुणाची बाजू घ्यायची हे त्यांनी डोळे उघडे ठेवून ठरवलं होतं. ती निवड पटो न पटो, ती त्यांची होती.

अपस्माराचे झटके त्यांना त्याआधीच सुरू झाले होते. उपचारांसाठी इथून बाहेर पडा, येनानला जा, घरी जा, असं सांगितलं गेलं. ते हलले नाहीत. अपुरं अन्न, सततची धावपळ, जपान्यांचे हल्ले. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे झटक्यांवर झटके येऊन ते गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. दुसरं पुस्तक अर्धंच राहिलं.

आता जरा त्या पथकाला पाठवणाऱ्याकडे वळू, कारण ही गोष्ट त्याशिवाय अपुरी आहे.

सुभाषबाबूंनी १९३७ मध्येच जपानच्या चीनमधल्या आक्रमणाची चिरफाड करणारा लेख लिहिला होता. १९३८ मध्ये त्यांच्याच आवाहनावरून डॉक्टर गेले. आणि कोटणीसांना जाऊन जेमतेम दोन महिने होतात तोच, फेब्रुवारी १९४३ मध्ये सुभाषबाबू जर्मनीहून पाणबुडीने निघाले आणि मे महिन्यात टोकियोला पोचले. ज्या जपानच्या गोळ्या कोटणीस लोकांच्या अंगातून काढत होते, त्याच जपानच्या मदतीने आझाद हिंद सेना उभी राहिली. डिसेंबर १९४३ मध्ये अंदमानात सुभाषबाबूंनी तिरंगा फडकवला, पण बेटांचा खरा कारभार जपानी आरमाराच्याच हातात राहिला. मांचुकुओची आठवण होते की नाही?

कोटणीसांनी हे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, हे सांगायचा आव मी आणणार नाही. दोघांनाही साम्राज्य नको होतं. सुभाषबाबूंच्या समोर इंग्रज होता, आणि इंग्रजाचा शत्रू तो आपला सोबती, असा त्यांचा सरळ हिशोब होता. कोटणीसांनी जे साम्राज्य पाहिलं ते जळालेल्या गावांचं, आणि ते आशियाई होतं. आशियातला देश गोऱ्यांविरुद्ध लढतो एवढ्यावरून तो मुक्तिदाता ठरत नाही, हे होपेईतल्या शेतकऱ्याला ज्या रीतीने कळलं होतं तसं मुंबई-कलकत्त्यात बसून कळणं अवघड होतं. हॉस्टेलवर रात्री दोनला चहा पिताना आपण नेताजी बरोबर की गांधीजी, असे वाद घालतो. त्यात हा सोलापूरचा साक्षीदार कुणी बोलावत नाही.

पुढची हकिगत पटकन सांगतो. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, त्यावरून शांतारामांनी १९४६ मध्ये डॉ. कोटणीस की अमर कहानी हा सिनेमा काढला, स्वतः कोटणीस झाले, जयश्री झाल्या चिंग-लान. पथकातले बसू कलकत्त्याला परतले आणि पुढे त्यांनी भारतात अ‍ॅक्युपंक्चर आणलं. चिंग-लान अनेकदा भारतात येऊन गेल्या, २०१२ मध्ये त्या वारल्या. यिनहुआ वडिलांच्या मार्गाने डॉक्टर व्हायला निघाला होता, पण १९६७ मध्ये, शिक्षण पुरं होण्याच्या बेतात असतानाच, गेला. अनेक चिनी नेते भारतात आल्यावर कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटले. चीनने १९८२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं, आपल्याला त्यासाठी १९९३ उजाडलं. सोलापुरात त्यांचं स्मारक आहे; सिद्धेश्वरला जाणाऱ्यांनी तिथेही डोकवावं.

मधे १९६२ होऊन गेलं. साम्राज्याने आखलेल्या रेघा आम्हाला मान्य नाहीत, असं म्हणणारे दोन नवे देश त्याच जुन्या रेघांवरून बर्फात लढले. एकाने इंग्रजांच्या काळातली रेघ पुढे केली, दुसऱ्याने आपल्या बादशहांच्या काळातला हक्क. जिन-चा-जीमध्ये जे राज्य रेघांच्या मधल्या जागेत जन्माला आलं, तेच सत्तेवर आल्यावर एकेका खिंडीसाठी, एकेका पठारासाठी अडून बसलं. मैत्रीचं प्रतीक म्हणून कोटणीसांचं नाव त्यानंतरही दोन्हीकडे घेतलं जात राहिलं, २०२० मध्ये गलवानला माणसं मेल्यानंतरसुद्धा. नाव घेणं सोपं असतं.

ज्या चाहार प्रांताचं अक्षर जिन-चा-जी या नावात होतं तो प्रांत १९५२ मध्ये मोडून शेजाऱ्यांत वाटला गेला. मांचुकुओ १९४५ मध्ये थोड्याच दिवसांत संपलं. शिच्याच्वांग मात्र वाढतच गेलं. मुळात ते एक खेडं, दोन रेल्वे तिथे मिळाल्या म्हणून शहर झालेलं. जपान्यांच्या जाळ्यातला तो एक मोठा ठिपका होता, आणि कोटणीस ज्या डोंगरात काम करत होते तिथे चालून जाणाऱ्या फौजा ज्या ठाण्यांवरून सुटायच्या त्यांतलं ते एक. नोव्हेंबर १९४७ मध्ये ते कम्युनिस्टांच्या हाती आलं. तिथल्या उत्तर चीन हुतात्मा स्मशानभूमीत, डोंगरातल्या गावातून आणून, कोटणीसांची समाधी बांधली आहे. बेथ्यून यांचीही तिथेच आहे.